शहर कशावर जगतं? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळी आलेली बरीच पत्रं एकाच काळजीची आहेत: आपलं गाव डोळ्यांसमोर बदलतंय, पण नेमकं काय बदललं ते कागदावर पकडता येत नाही. त्यांतले मराठवाड्याच्या वेगवेगळ्या शहरांतून आलेले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : 2001 च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या 1,38,196 होती, 2011 मध्ये 1,46,709. दहा वर्षांत जेमतेम साडेआठ हजारांची भर. प्रत्यक्षात शहर चारी बाजूंनी पसरलेलं दिसतं. आकडे चुकले आहेत का? (एक शिक्षक, बीड)

आकडे बरोबर आहेत, पण ते फक्त नगरपालिकेच्या हद्दीतल्या माणसांचे आहेत. आधी दर काढू. नव्या आकड्यातून जुना वजा करायचा, जुन्याने भागायचं, शंभराने गुणायचं. 8,513 भागिले 1,38,196 म्हणजे सुमारे 6.2 टक्के. त्याच दशकात बीड जिल्हा 21.61 लाखांवरून 25.85 लाखांवर गेला, म्हणजे जवळपास 20 टक्क्यांनी वाढला. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण जिल्ह्यापेक्षा इतकं मागे पडलेलं दिसलं, की पहिला संशय हद्दीवर घ्यायचा.

जमीन महाग झाली की माणसं हद्दीबाहेरच्या ग्रामपंचायतीत प्लॉट घेतात. दुकान शहरात, शाळा शहरात, दवाखाना शहरात, पण मोजणी होते गावात. ती पकडायची असेल तर शहराचा नकाशा घेऊन हद्दीला चिकटलेल्या सगळ्या गावांची यादी करा. जिल्हा जनगणना पुस्तिकेतून प्रत्येक गावाची 2001 आणि 2011 ची लोकसंख्या उतरवून घ्या, दोन्ही वर्षांना तीच गावं शहरात मिळवा आणि दर पुन्हा काढा. चूक हमखास होते ती गावं जुळवताना. दोन जनगणनांतले गावांचे संकेतांक वेगळे आहेत, त्यामुळे नावावरून जुळवावं लागतं, आणि एका तालुक्यात बुद्रुक-खुर्दच्या जोड्या निघतात. एक गाव निसटलं तरी दर दोन-तीन टक्क्यांनी हलू शकतो.

दुसरी गोष्ट मोजणीच्या तारखांची. 2011 ची मोजणी 9 ते 28 फेब्रुवारीला झाली. या काळात जो एकदाही घरी आला नाही, तो जिथे असेल तिथे मोजायचा, असा नियम आहे. बीड जिल्ह्यात याला फार महत्त्व आहे, कारण तेव्हा ऊसतोडीचा हंगाम जोरात असतो. दसरा-दिवाळीला दुसऱ्या जिल्ह्यांत तोडीला गेलेल्या टोळ्या पाडवा जवळ आल्याशिवाय परतत नाहीत. कारखान्यावरच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) असलेलं कुटुंब त्या जिल्ह्याच्या खात्यावर लागतं. पण यावरून लगेच वाढीचा दर खोटा ठरवू नका. 2001 ची मोजणीही फेब्रुवारीतच झाली होती, म्हणजे दोन्ही आकडे सारख्याच बाजूने कमी आहेत. दराला फार धक्का लागत नाही. धक्का लागतो तो एकूण आकड्याला, आणि त्या आकड्यावरून ठरणाऱ्या रेशन, शाळा आणि पाण्याच्या हिशेबाला. ज्यांच्या घामावर साखर उभी राहते त्यांचीच नोंद स्वतःच्या गावात पूर्ण होत नाही, हे प्रत्येक नियोजन अधिकाऱ्याला टोचायला हवं.

2021 ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे, म्हणजे मोजणी पुन्हा हंगामातच येईल. कुटुंबातलं एखादं माणूस मागे राहणार असेल तर बाकीचे कुठे आहेत ते त्याने प्रगणकाला स्पष्ट सांगावं. टोळीच्या मुकादमानेही कारखान्यावर आपली माणसं मोजली गेल्याची खात्री करावी. दोन्हीकडून सुटलेला माणूस कुठल्याच आकड्यात येत नाही.

प्रश्न : लातुरात आमचं पाच माणसांचं जुनं घर आहे. शिकवणीला येणाऱ्या 20 मुलांसाठी वसतिगृह करावं असा विचार आहे. शेजारी म्हणतात पाणी पुरणार नाही. काय काय बघावं? (एक घरमालक, लातूर)

शेजाऱ्यांचं ऐका. लातूर हे मुळात अडतीचं गाव. गंजगोलाई ही गोल बाजारपेठ, तिला येऊन मिळणारे रस्ते, भुसार, डाळ, पुढे सोयाबीन. 16 ऑगस्ट 1982 ला जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, आणि नंतर दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'ने शहराचं पोट शिक्षणावर आणून ठेवलं. आज उद्योग भवनाच्या परिसरात शिकवण्यांची जी गर्दी दिसते तिच्या मागे गल्लोगल्ली घरांची वसतिगृहं झाली आहेत. पण नळाची पाइपलाइन आणि गटारं पाच माणसांच्या घरांसाठी टाकलेली होती.

हिशेब असा मांडा. शहरी पाणीपुरवठ्याचं माणशी मानक दिवसाला 135 लिटर आहे. पाच जणांना 675 लिटर लागतं, 20 जणांना 2,700, मेसचं पाणी वेगळं. नळ आठ दिवसांआड आला तर 21,600 लिटरची साठवण हवी. जुन्या घराच्या गच्चीवर हजार-दोन हजार लिटरची टाकी असते. पाच हजार लिटरचा टँकर दोन दिवसही पुरत नाही. विहीर-बोअर असेल तर मे महिन्यातली पातळी विचारा, पावसाळ्यातली नको. इथल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून येतं, आणि शेजारी चार नवे बोअर पडले की तुमचा आटतो. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. 50 वाघिणींची एक गाडी म्हणजे साधारण 25 लाख लिटर. 2011 च्या 3,82,940 लोकसंख्येत वाटलं तर माणशी साडेसहा लिटर. हा आकडा भिंतीवर लिहून मगच खोल्यांची संख्या ठरवा.

पुढे शौचटाकी. पाच जणांसाठी मानकाप्रमाणे टाकी सुमारे 1.5 मीटर लांब, 0.75 रुंद आणि 1 मीटर पाण्याच्या खोलीची असते, म्हणजे अकराशे लिटरच्या आसपास. 20 जणांसाठी ती 2.3 × 1.1 × 1.3 मीटर लागते, म्हणजे तिप्पट. जुनीच टाकी ठेवली की मैला निवळायला वेळ मिळत नाही, गाळ शोषखड्ड्यात जातो, खड्डा बुजतो आणि पाणी गल्लीत वाहतं. बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात. विजेच्या बिलावरचा मंजूर भारही पाहा. दोन किलोवॅटचे चार गिझर एकदम लागले तर आठ किलोवॅट झाले. भार वाढवून घेतल्याशिवाय आणि आतली वायर बदलल्याशिवाय ते लावू नका. दुसरा जिना नसेल तर वरच्या मजल्यावर मुलं ठेवू नका.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. भिंती मातीत बांधलेल्या दगडाच्या असतील, वर माळवद (मातीचं सपाट छप्पर) असेल, तर त्यावर स्लॅबचा मजला चढवायचा विचार सोडून द्या. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जी हजारो माणसं गेली ती मुख्यतः अशाच जाड भिंती आणि जड छपरांखाली गेली. खाली सांगाडा जुना आणि वर नवा मजला अशी घरं आजही लातुरात दिसतात. संरचना अभियंत्याची लेखी तपासणी झाल्याशिवाय परक्यांची मुलं तिथे झोपवू नयेत, मग भाडं कितीही येवो.

महापालिकेत वापरबदल कळवा, कर निवासी दराने राहणार नाही. खोल्या अशा पाडा की उद्या दोन भिंती काढून पुन्हा घर करता येईल. 2020 च्या टाळेबंदीत शिकवण्या बंद झाल्या तेव्हा 8 × 10 फुटांच्या खुराड्यांना दुसरं कोणतंच गिऱ्हाईक मिळत नव्हतं.

प्रश्न : आम्ही वाळूजजवळ बजाजनगरात राहतो. वस्ती तालुक्याच्या गावापेक्षा मोठी, तरी कारभार वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीचा. हे शहर की गाव? (एक कामगार, वाळूज)

जनगणनेच्या दृष्टीने एक, कायद्याच्या दृष्टीने दुसरं. जनगणना एखाद्या गावाला शहर म्हणते ते तीन कसोट्यांवर: लोकसंख्या किमान 5,000, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं. अशा ठिकाणाला 'जनगणना शहर' म्हणतात. त्याने फक्त तक्त्यातला रकाना बदलतो. गटार, अग्निशमन किंवा विकास आराखडा यांतलं काहीही त्यातून मिळत नाही. त्यासाठी राज्य सरकारने 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाखाली अधिसूचना काढावी लागते.

1980 च्या दशकात वाळूजला कारखाने आले, त्यांच्यामागे कामगार आले, आणि घरं मिळेल तिथे झाली. ग्रामपंचायतीत जास्तीत जास्त 17 सदस्य असतात, माणसं कितीही असोत. तुमच्याकडे त्यात औद्योगिक महामंडळ आणि सिडको यांचीही हद्द मिसळते. म्हणून तक्रार करण्याआधी आपल्या प्लॉटचं वाटपपत्र काढून पाहा. रस्ता कोणी आखला, पाण्याचं बिल कोण पाठवतं, दिव्याच्या खांबाचं वीजबिल कोण भरतं, ही तीन नावं बहुतेकदा तीन वेगळी निघतात. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला की तो नुसता पडून राहतो.

नगरपरिषद मागायची असेल तर ग्रामसभेच्या ठरावापासून सुरुवात करा, सोबत घरांची, नळजोडण्यांची आणि रोजगाराची आकडेवारी जोडा. कर वाढेल आणि ग्रामविकासाचा निधी थांबेल, हे आधीच सगळ्यांना सांगा. ते लपवून केलेला ठराव हरकतींच्या टप्प्यावर मोडतो. आमचं मत विचाराल तर एवढ्या दाट वस्तीला ग्रामपंचायतीवर सोडणं हा तिथल्या कामगारांवर अन्याय आहे.

प्रश्न : तेर, पैठण, दौलताबाद ही एकेकाळची मोठी शहरं. ती लहान झाली आणि खडकीसारखं खेडं शहर झालं, ते कशाने? (एक विद्यार्थिनी, धाराशिव)

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या नोंदीत पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर म्हणून ते येतं. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जायचं. समुद्रापारचा तो व्यापार ओसरला तशी पेठही ओसरली, आणि गोरोबाकाकांचं गाव म्हणून तेर उरलं. पैठणची राजधानी गेली तरी गोदावरीचा घाट, नाथांची यात्रा आणि पैठणीचे माग राहिले, त्यामुळे ते मोडलं नाही. दौलताबादला 1327 मध्ये हुकूम काढून दिल्लीची माणसं आणली गेली. हुकूम फिरला, माणसं परतली. किल्ल्याला पुरेल एवढं पाणी असलेल्या जागेवर साम्राज्याची राजधानी तगणं अवघडच होतं.

खडकीचं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचं, वेगळेपण पाण्यातच आहे. 1610 मध्ये मलिक अंबरने शहर वसवलं आणि डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या नहरीतून आत आणलं. पुढे औरंगजेबाच्या सरदारांच्या छावण्या पडल्या. जयसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही त्यांचीच नावं. तंबूंच्या जागी घरं झाली. 1763 मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेल्यावर हे शहर दीडशे वर्षं मरगळलेलं होतं. 1900 ची मनमाड-सिकंदराबाद रेल्वे, 1958 चं विद्यापीठ, मग चिकलठाणा आणि वाळूजच्या वसाहती यांनी ते पुन्हा उभं केलं. 1991 मध्ये 5.73 लाख, 2001 मध्ये 8.73 लाख, 2011 मध्ये 11.75 लाख. नहरींची जागा जायकवाडीहून पंपाने चढवलेल्या पाण्याने घेतली, आणि आज छत्रपती संभाजीनगरची वाढ अडते ती नेमकी तिथेच.

प्रश्न : परभणीतल्या आमच्या मोहल्ल्याचा शंभर वर्षांचा बदल नोंदवायचा आहे. कागद कुठे मिळतील, आणि आजची पाहणी कशी करावी? (एक वाचनालय कार्यकर्ता, परभणी)

कागदांपासून सुरू करू. जिल्हा जनगणना पुस्तिकांत शहरांची 1901 पासूनची दर दशकाची लोकसंख्या मिळते. 1951 ची पुस्तिका शोधताना ती हैदराबाद राज्याच्या नावाखाली शोधा, कारण मराठवाडा 1956 पर्यंत त्या राज्यात होता. जिल्ह्याचे आकडे घेताना जपा: 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा झाला, त्यामुळे 1991 चा परभणी जिल्हा आणि 2001 चा परभणी जिल्हा एकच नाहीत. शहराचा आकडा घेतलात तर हा घोळ टळतो.

जमिनीसाठी 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक पाया धरा. तहसील अभिलेखात त्याची नक्कल मिळते. आधीचे कागद बहुतेक उर्दूत असतात आणि त्यांवर फसली साल, म्हणजे निजामाच्या काळातलं महसुली साल, असतं. फसलीत 590 मिळवले की इसवी सन येतो. 1340 फसली म्हणजे 1930-31. साल मध्येच बदलत असल्याने जोडसाल लिहा, नाहीतर एका वर्षाची चूक राहते. गावठाणातल्या घरांसाठी नगर भूमापनचं मालमत्ता पत्रक घ्या. मालक कधी बदलला ते त्यात कळतं, भाडेकरू मात्र दिसत नाही.

भाडेकरू आणि नवे आलेले कुठे दिसतील? शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये. जन्मस्थळ, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण हे तीन रकाने दहा-दहा वर्षांच्या अंतराने मोजा. दुष्काळाच्या वर्षांत कोणत्या तालुक्यातून मुलं आली ते लगेच उमटतं. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, नावं आणि जाती उतरवू नका, फक्त बेरजा घ्या.

आता पाहणी. एक गल्ली निवडा, जुन्या मोंढ्याकडची (धान्यबाजाराकडची) असेल तर उत्तम. प्रत्येक इमारतीला क्रमांक द्या आणि प्रत्येक मजल्याची वेगळी ओळ करा: राहणं, दुकान, गोदाम, शिकवणी किंवा दवाखाना, कारखाना, रिकामं. खाली दुकान आणि वर राहणं असेल तर दोन ओळी. शेजारी तीन रकाने: इथे कधीपासून, मालक की भाडेकरू, माल कुठून येतो. सकाळी अकराला एकदा आणि संध्याकाळी सातला एकदा फिरा, बाजाराची सुट्टी टाळा. नुसत्या पाट्या मोजल्या तर फसाल. अडत नव्या मोंढ्यात गेल्यावरही जुनी पाटी वर्षानुवर्षं तशीच असते, आणि आत हार्डवेअरचं गोदाम असतं. क्रम साधारण सारखा दिसतो: आधी भुसार हलतं, किराणा ठोक टिकून राहतो, मग हार्डवेअर आणि विजेचं सामान येतं, शेवटी खाली मोबाइलची दुकानं आणि वर शिकवण्या.

हमाल-मापाड्यांना विसरू नका. अडत हलते तेव्हा व्यापाऱ्याला नवा गाळा मिळतो, पण हमालाचं घर जुन्या मोंढ्यामागेच राहतं आणि कामाचं अंतर वाढतं. दहा हमालांना जाण्यायेण्याचा खर्च आणि पूर्वीच्या-आताच्या कामाचे दिवस विचारलेत तर तुमच्या नोंदीला खरा जीव येईल. पाहणी दरवर्षी त्याच महिन्यात करा. सोयाबीन-तुरीच्या आवकेच्या महिन्यांत मोजलेली गल्ली आणि जूनमध्ये मोजलेली गल्ली यांची तुलना होत नाही.

प्रश्न : समृद्धी महामार्गामुळे जालना झपाट्याने वाढेल म्हणून हमरस्त्यालगत प्लॉट घ्यावा का? (एक वाचक, जालना)

रस्त्यालगत आहे एवढ्यावर नको. 701 किलोमीटरचा हा महामार्ग प्रवेशनियंत्रित आहे. कुंपणाला लागून असलेल्या प्लॉटला त्यावरून वाट नाही, त्यामुळे धाबा, पंक्चर, टपरी असं जुन्या रस्त्यावर उगवणारं काहीच तिथे उगवत नाही. वाढ झाली तर इंटरचेंजभोवती, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या जागेभोवती, आणि तिथून शहराकडे येणाऱ्या जोडरस्त्यावर होईल, आणि तीही आधी गोदामांची. जालन्याला बियाणं आणि लोखंड हे दोन स्वतःचे धंदे आहेत, म्हणून मालवाहतुकीला कारण आहे. राहायला माणसं येतील का, ते पाण्यावर ठरेल.

प्लॉट पाहताना सातबारा, फेरफार आणि झोन दाखला स्वतः काढा. सातबाऱ्यावर दहा-वीस अनोळखी नावं एकत्र असतील, किंवा इतर हक्कात इनाम अथवा कुळाचा शेरा असेल, तर विसार देऊ नका. गुंठेवारी (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट) नियमित होईल असं सांगितलं जाईल. गुंठेवारी कायद्यात 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतचीच कामं बसतात, त्यानंतर पाडलेला तुकडा त्यात येत नाही.